मामांची वजनपेटी

जगातल्या भित्र्या माणसांची कधी यादी झाली, तर माझ्या बायकोच्या मामांचं नाव त्यात पहिलं येईल, आणि आपलं नाव पहिलं आलंय हे कळल्यावर मामा नव्याने घाबरतील. पाल, वीज, गॅसची शेगडी, लिफ्ट, अनोळखी माणसाचा फोन, ओळखीच्या माणसाचा अवेळी आलेला फोन, उघडं गटार, आणि झाकलेलं गटार तर जास्तच, कारण आत काय असेल ते सांगता येत नाही! बटण दाबायचं तर पायात रबरी स्लिपर पाहिजे. स्लिपर सापडली नाही म्हणून हा माणूस एकदा भर दुपारी अर्धा तास अंधाऱ्या न्हाणीघराबाहेर उभा होता. माझ्या स्कूटरवर मागे बसले की नाशिकरोडपासून द्वारकेच्या चौकापर्यंत "जपून हं, जावईबापू" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही. द्वारकेचा चौक पायी ओलांडायची त्यांची रीत तर बघण्यासारखी होती. गाय येईपर्यंत थांबायचं, आणि गाय निघाली की तिच्या पलीकडच्या अंगाने तिच्या चालीने निघायचं. "गाडीवाले माणसाला उडवतील हो, गायीला नाही उडवणार," असं त्यांचं शास्त्र. गाय मध्येच थांबली की मामाही थांबत. मग चारही बाजूंनी भोंगे, मध्ये गाय, आणि गायीआड छत्री घट्ट धरलेले आमचे मामा.

माझं द्वारकेजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. निफाडकडचे बागाईतदार पंपाच्या जळालेल्या मोटारी घेऊन येतात, मी तारा नव्याने गुंडाळून देतो. मामांना ह्या दुकानाची भयंकर धास्ती आणि तितकीच ओढ. आले की जळालेल्या मोटारींच्या रांगेसमोर उभे राहायचे आणि भेटायला आल्यासारखं हळू आवाजात विचारायचे, "ही कशी गेली?" मी म्हणायचो, "व्होल्टेज पडलं." मामा मान हलवायचे. "आणि ही?" "व्होल्टेज वाढलं." मग मात्र त्यांच्या चेहऱ्यावर घाम. पडलं तरी मरण आणि वाढलं तरी मरण, म्हणजे माणसाने जगायचं तरी कुठे! मी आहे तापट. गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं, हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न असायचं, आणि हे तिथे दुखवट्याला बसल्यासारखे. चारदा मनात आलं की सांगावं, मामा, घरी जा. पण सासरचं माणूस, त्यात मामेसासरे. चहा मागवायचो.

एवढ्या भित्र्या माणसाला एकाच गोष्टीची भीती कधी वाटली नाही. ती म्हणजे पियानो. लष्करी कॅम्पातल्या एका मिशनरी शाळेत ते प्रयोगशाळेत सहायक होते. शाळेच्या हॉलमध्ये एक जुना काळा पियानो होता. वाजवणाऱ्या बाई निघून गेल्या आणि त्याची धूळ पुसायचं काम मामांवर आलं. पुसता पुसता एक पट्टी वाजली, मग दुसरी. तीस वर्षं हा माणूस शाळा सुटल्यावर तासभर त्या हॉलमध्ये बसत होता. कुणी शिकवलं नाही, नोटेशन येत नाही, पण स्वतःच्या सतरा चाली त्यांनी बांधल्या. नावं नाहीत, नुसते नंबर. सातवी मामींची आवडती. मी एकदा विचारलं, "मामा, एवढ्या मोठ्या धुडाची भीती नाही वाटली?" ते म्हणाले, "तो आपण हात लावल्याशिवाय काही करत नाही हो." मला ते पटलं. तसं म्हणावं असं फार काही जगात नसतंच.

ह्या सतरा चाली म्हणजे एक गंमतच होती. गाऊन दाखवा म्हटलं तर मामांना येत नसत. "डोक्यात नाहीत त्या, बोटांत आहेत. डोक्यात शोधायला गेलो की पळून जातात." आणि गाणं तर त्यांनी लहानपणीच टाकलं होतं. कुणा मास्तरांनी भर वर्गात "तू बेसूर आहेस, तू नुसते ओठ हलव" असं सांगितलं होतं, ते त्यांनी साठीपर्यंत पाळलं. गणपतीच्या आरतीला सगळे टिपेला पोचलेले असताना मामा नुसते ओठ हलवायचे आणि टाळ्याही अशा वाजवायचे की हाताला हात लागू नये.

मामा निवृत्त झाले त्याच वर्षी शाळेच्या पियानोला वाळवी लागली आणि तो लाकडाच्या भावात द्यायचं ठरलं. दुसरा कुणी असता तर रडला असता, नाहीतर फोटो काढून ठेवला असता. मामांनी काय करावं? प्रयोगशाळेतली वजनपेटी काढली. ती नसते का, मखमलीचं अस्तर असलेली लाकडी पेटी, आत पितळेची लहानमोठी वजनं, अगदी बारकी उचलायला चिमटा? तिच्यातली वजनं एकेका पट्टीच्या टोकाशी ठेवून कुठली पट्टी किती वजनाला खाली जाते ते पाहिलं, आणि अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांची वजनं एका वहीत उतरवून घेतली. डावीकडच्या जाड आवाजाच्या पट्ट्या जड, उजवीकडे जावं तसतशा हलक्या. निरोपसमारंभात बाकीच्यांना शाल मिळते, मामांनी ती जुनी वजनपेटी मागून घेतली. पुढे चारपाच वर्षं ते घरच्या जेवणाच्या टेबलावर मुक्याने चाली वाजवत. बोटांना विसर पडू नये म्हणून.

आणि मग एक दिवस त्यांच्या उजव्या हाताची अनामिका थरथरायला लागली.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हळूहळू वाढेल म्हणाले, औषधाने थोपवता येईल, पण किती ते सांगता येत नाही. मी आणि मामी सोबत होतो. मला वाटलं, पालीला बघून स्टुलावर चढणारा हा माणूस आता इथेच कोसळणार. पण मामा शांत बसले होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "जावईबापू, बोटं गेली की चाली गेल्या." रस्ताभर एकदासुद्धा "जपून हं" म्हणाले नाहीत. जन्मभर लहानसहान गोष्टींना भिऊन भिऊन त्यांनी जणू सराव केला होता, आणि आता खरी भीती दारात आली तर तिला काय म्हणायचं तेच त्यांना सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत वजनपेटी काखोटीला मारून हजर. "पियानो घ्यायचा. विजेवरचा. घरी वाजवायचा आणि सतराही चाली टेप करून ठेवायच्या." विजेवरचा! ज्याने विजेच्या भीतीने घरात मिक्सर येऊ दिला नाही, मामींना आयुष्यभर पाट्यावर चटणी वाटायला लावली, तो माणूस हे म्हणत होता. खरा पियानो दुसऱ्या मजल्यावर चढवायचा कसा, आणि चढवला तर स्लॅब पडेल, असा त्यांचा हिशेब. म्हणून हा.

पहिलं दुकान मेन रोडला. दुकानदार उत्साही गृहस्थ. त्यांनी एक चकचकीत कीबोर्ड लावला आणि म्हणाले, "काका, ह्याच्यात पाचशे आवाज आहेत." मामा म्हणाले, "मला एकच पाहिजे." दुकानदार म्हणाले, "शंभर ताल आहेत, तुम्ही एक बोट ठेवा, मागे अख्खा ऑर्केस्ट्रा वाजेल." हे ऐकून मामा दोन पावलं मागे सरकले. मग त्यांनी वजनपेटी उघडली, चिमट्याने वीस ग्रॅमचं वजन उचललं आणि पट्टीवर ठेवलं. पट्टी तत्काळ आत. "पापड आहे हो हा," मामा हळहळले. मग त्यांनी उजवा हात नुसता पट्ट्यांवर टेकवला. अनामिका आपली थरथरतेय, आणि त्या कीबोर्डमधून सारखा टिर्र टिर्र, टिर्र टिर्र आवाज. मामांनी चटका बसल्यासारखा हात काढून घेतला आणि खिशात घातला. दुकानदारांनी कीबोर्डचं बटण बंद केलं. तेव्हा मला त्या वजनांचा खरा अर्थ समजला. वाजवताना बोट कमी थरथरायचं, पण चालीत जिथे थांबायचं तिथे हात पट्ट्यांवर टेकला की थरथर सुरू. पट्टी अशी जड हवी, की मामांनी दाबली तर वाजली पाहिजे आणि आजाराने दाबली तर वाजता कामा नये.

अशी वस्तू शोधण्यात आमचे सात महिने गेले. त्या सात महिन्यांत मी जितका घाबरलो तितका आयुष्यात घाबरलो नव्हतो. दर महिन्याला बोट जरा जास्त हलायचं. आधी चहाचा कप बशीत वाजायला लागला, मग वर्तमानपत्र. मी घाई करायचो, "मामा, घ्या हो आता, एकोणीस-वीस इकडेतिकडे चालतं." ते म्हणायचे, "चुकीचा घेतला तर?" चुकीचा निघाला असता तर सासरच्या समस्त मंडळींनी माझ्याच नावाने खडे फोडले असते, आणि त्यांचं काय चुकलं असतं?

शेवटी कॉलेज रोडच्या एका दुकानदाराने आतमध्ये लाकडी हातोड्यांसारखी रचना असलेला, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा डिजिटल पियानो मागवून घेतला. मामा वही आणि पेटी घेऊन बसले. एकेक पट्टी, एकेक वजन, वहीत बघून मान डोलवायची. दोन तास झाले तेव्हा दुकानदार मला म्हणाले, "साहेब, हे सोनाराचं दुकान नाहीये." मी म्हटलं, "तुम्हाला माहीत नाही, त्यांना सोन्याची एवढी काळजी नाही." सगळ्या पट्ट्या झाल्या. वहीशी थोडा फरक होता, पण फार नाही. मग मामांनी आवाज पूर्ण मोठा करायला सांगितला आणि उजवा हात पट्ट्यांवर टेकवला. अनामिका थरथरत होती. मी श्वास धरून उभा. दुकानदारही काही न समजता श्वास धरून उभे. एक मिनिट गेलं असेल. पियानोतून काही म्हणजे काही आवाज आला नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले. "बांधा," ते म्हणाले.

घरी तो आला आणि भीतीला नवं घर मिळालं. स्टॅबिलायझर मी दिला, तर स्टॅबिलायझर जळाला तर काय म्हणून दुसरा मागितला. उंदरांनी तारा कुरतडू नयेत म्हणून चार पायांना चार कडुलिंबाच्या डहाळ्या. वरून पाल पडू नये म्हणून छताला मच्छरदाणी. पियानोवरचं प्लास्टिक काढायला पंधरा दिवस लागले, आणि काढलं ते घडी करून गादीखाली ठेवलं. आणि सगळ्यात मोठी भीती, लोक ऐकतील! म्हणून हेडफोन. हेडफोन लावला की पियानोचा आवाज फक्त मामांच्या कानात, आणि खोलीत नुसता पट्ट्यांचा धप धप धप. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मामींना जिन्यात गाठून विचारलं, "मामी, रोज दुपारी कुटता तरी काय एवढं?" मामी म्हणाल्या, "मेतकूट." दुसऱ्या दिवशी त्या बाई वाटी घेऊन आल्या, आणि मामींना खरोखर मेतकूट करावं लागलं.

रेकॉर्डिंगची जोडणी मी स्वतः करून दिली. पियानोला हेडफोनची दोन भोकं होती. एकात मामांचा हेडफोन, दुसऱ्यातून वायर थेट टेपरेकॉर्डरला. बाहेरचा आवाज आत जायचा प्रश्नच नाही. पुरा तासभर समजावलं, कागदावर लिहून दिलं. लोडशेडिंगचे दिवस होते, दुपारी दोन ते चार तेवढी वीज टिकायची. मामांनी मामींना ताकीद दिली, त्या वेळात स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, शिंकायचं नाही. मामी बिचाऱ्या मेथी निवडत बसायच्या. महिनाभर चाललं. सतरा चाली, तीन कॅसेटी. शेवटची झाली त्या दिवशी मामा रिक्षाने दुकानात पेढे घेऊन आले. बोट तोवर एकटं राहिलं नव्हतं, सगळा पंजा हलत होता. पेढ्यांचा पुडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. "झालं, जावईबापू. आता गेला तर जाऊ दे हात."

त्या कॅसेटी त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून, स्टीलच्या डब्यात बंद केल्या. ऐकायच्या नाहीत! टेप अडकली तर? तुटली तर? मी किती वेळा म्हटलं, मामा, एकेक कॉपी काढून देतो. "कॉपी काढताना वाजवावीच लागेल ना? जपून हं." दीड वर्ष तो डबा देवघराखाली होता. दीड वर्षात दुसरा हातही गेला. शर्टाची बटणं मामी लावायला लागल्या. पियानोवर प्लास्टिक परत आलं.

मग एका रविवारी मामींनी हट्ट धरला. आयुष्यात त्यांनी धरलेला हा एवढाच हट्ट माझ्या माहितीत आहे. "मला माझी सातवी ऐकायची आहे. आज." मी आणि बायको जेवायला गेलो होतो. मी टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसलं, कॅसेट पेन्सिलीने सैल करून घेतली, सातवी होती ती बाजू लावली. मामा खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर. बटण दाबलं.

धप. धप धप. धप.

मी आवाज वाढवला. धप धप, धप. कुठेतरी कुकरची शिट्टी. पियानो नाही. मी वायर हलवली, बटणं फिरवली, आणि मग मामांकडे बघायचं मला धाडस होईना. त्यांना कळलं होतं. तोंड पांढरंफटक. "ती वायर," ते म्हणाले, "ती वायर मी काढून ठेवली होती हो. पियानो जळाला तर टेपरेकॉर्डरही जळेल म्हणून. तो नुसता पियानोवर ठेवला, त्याचा माइक होताच. कानात एवढा वाजत होता..." कानात असा दणदणीत पियानो वाजत असताना खोली मुकी आहे, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. सतरा चाली, सात महिन्यांचा शोध, अठ्ठ्याऐंशी वजनं, आणि हातात काय, तर मेतकूट कुटल्याचा आवाज! मला स्वतःचा असा राग आला की सांगता सोय नाही. मी का नाही रोज जाऊन बघितलं? दुकान एवढं काय पळून जात होतं? मी टेप बंद करायला हात पुढे केला.

"थांबा," मामी म्हणाल्या. "बंद नका करू. आता येईल."

आणि आलं. धप धपच्या वर, आधी अगदी हळू, एक आवाज. जाडसर, घोगरा, कुणी एकटं असताना गुणगुणतं तसा. मग तो मोकळा झाला. कानांवर हेडफोन असलेल्या माणसाला आपला आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो आवरतही नाही. सातवी चाल तो आवाज सबंध गात होता. वळणं घेत होता, थांबायच्या जागी थांबत होता, आणि खाली पट्ट्या ठेका धरल्यासारख्या पडत होत्या. माझ्या बायकोने तोंडावर पदर धरला.

मामा दचकले. "हे कोण?"

"कोण काय? तुम्हीच की," मामी म्हणाल्या. "रोज गायचात. मी मेथी निवडत ऐकायचे. मला वाटलं, असंच असतं रेकॉर्डिंग."

"मी? मी गातोय?"

"सतराच्या सतरा."

साठ वर्षं नुसते ओठ हलवलेला तो माणूस स्वतःचा आवाज ऐकत बसला. मांडीवरचे दोन्ही हात थरथरत होते, त्यांच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. चाल संपत आली तेव्हा पुटपुटले, "वरच्या जागी जरा घसरलोय. पण चाल बरोबर आहे. सगळी आहे." मग पुन्हा म्हणाले, "सगळी आहे हो."

आता मामा नाहीत. वजनपेटी माझ्या दुकानात आहे, आणि द्वारकेला गाय आडवी आली की मी अजून स्कूटर थांबवतो. त्या सतरा चाली पुढे एका पेटीवाल्या बाईंनी त्या गुणगुणण्यावरून बसवल्या, छान वाजवतात. पण मला आठवते ती तीच दुपार. चाल संपली, टेप नुसती खरखरत राहिली. मी टेप मागे गुंडाळायला घेतली. ती मध्येच कुठेतरी अडकली, आत बारीक कर्रकन आवाज झाला. मी बटणावरचं बोट काढून घेतलं. तेव्हा मामा पुढे झुकले, आपला तो हलणारा हात माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "लावा, जावईबापू. घाबरू नका."

मी बटण दाबलं. दोन्ही हात थरथरत होते, त्यांचाही आणि माझाही.